गाठ दिसली, पण निदान अजून व्हायचे आहे

प्रश्न : माझे वय ४७ वर्षे आहे. गेली आठ वर्षे मला उच्च रक्तदाब आहे. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी एक गोळी अशी तीन औषधे न चुकता घेऊनही तो १६०/१०० च्या आसपास राहतो. पाय गळून जातात, पोटऱ्यांत पेटके येतात, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. मूतखड्याच्या शंकेवरून सीटी स्कॅन केला, त्यात खडा निघाला नाही, पण डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत १४ मिलिमीटरची गाठ आहे आणि तिची घनता ६ हाउन्सफील्ड आहे, असे अहवालात लिहून आले. रक्तातील पोटॅशियम २.९ आहे. एक सर्जन म्हणतात की दुर्बिणीतून गाठ काढून टाकू. आमचे फिजिशियन म्हणतात की आधी संप्रेरकांच्या तपासण्या करा आणि नंतर जांघेतून नळी घालून दोन्ही ग्रंथींचे रक्त तपासा. गाठ डोळ्यांना दिसत असताना हे सगळे कशासाठी? हा कॅन्सर तर नसेल? एका ग्रंथीवर माणूस नीट जगतो का? आणि शस्त्रक्रियेनंतर माझ्या गोळ्या सुटतील का?

उत्तर : भगिनी, आपण अहवालातील आकडे नेमकेपणाने कळवलेत, त्यामुळे मलाही नेमके उत्तर देता येईल. आपल्या फिजिशियनांचे म्हणणे योग्य आहे आणि तपासण्या पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कदाचित आपल्याला शस्त्रक्रिया लागेलही, आणि लागलीच तर ती अतिशय गुणकारी ठरू शकते. परंतु ॲड्रिनलच्या आजारात त्रास देते ते गरजेपेक्षा जास्त तयार होणारे संप्रेरक. म्हणून एखादे संप्रेरक खरोखरच जास्त आहे का, असल्यास ते कोणते, आणि ते कोणत्या बाजूच्या ग्रंथीतून येते, हे तीन प्रश्न याच क्रमाने सुटायला हवेत. सीटी स्कॅन यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर देत नाही.

ॲड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी दोन असतात. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक, आणि प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि काही प्रमाणात पुरुषी संप्रेरके तयार होतात, तर आतल्या गाभ्यात ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन. आपल्या पत्रातील लक्षणे वाचताना मनात पहिल्यांदा येते ते अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडांनी मीठ धरून ठेवावे आणि पोटॅशियम बाहेर टाकावे, असा आदेश हे संप्रेरक देते. ते अकारण वाढले की मिठाबरोबर पाणी साठून रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. स्नायूंना पोटॅशियम कमी पडले की पाय गळतात आणि पेटके येतात. लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडांची ताकदही त्यामुळे घटते, म्हणून रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार प्रथम मांडला तो ३४ वर्षांच्या एका स्त्रीच्या अभ्यासावरून, आणि तिची लक्षणेही अशीच होती : उच्च रक्तदाब, कमी पोटॅशियम, स्नायूंची दुर्बलता. तिच्या उजव्या ग्रंथीतील गाठ काढल्यावर ती बरी झाली. त्यामुळे आपल्या सर्जनांना आलेली शंका निराधार नाही, फक्त ती अजून शंकाच आहे.

तिला शंका म्हणण्यामागे कारण आहे. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ॲड्रिनलची गाठ अवचित सापडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. प्रौढांमध्ये सुमारे चार टक्के स्कॅनमध्ये ती दिसते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते. यांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि कोणतेही संप्रेरक जादा तयार करत नाहीत. दुसरीकडे उच्च रक्तदाब तर घरोघरी असतो. म्हणजे एकाच माणसात या दोन्ही गोष्टी केवळ योगायोगाने एकत्र येणे सहज शक्य आहे. आपले पोटॅशियम २.९ आहे खरे, पण आपण लघवी वाढवणारी गोळी घेता आणि तीही पोटॅशियम उतरवते. तेव्हा हा आकडा संशय बळकट करतो, पण एवढ्यावर सिद्ध काही होत नाही. उलट बाजूनेही एक गोष्ट लक्षात असू द्यावी. अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे पोटॅशियम अगदी सामान्य असते, त्यामुळे पोटॅशियम ठीक आहे म्हणून हा आजार नाही असे म्हणणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि याच चुकीमुळे अनेकांचे निदान वर्षानुवर्षे लांबते.

आता आपल्या मनातील सर्वांत मोठी भीती, म्हणजे कॅन्सर. इथे आपला अहवाल दिलासा देणारा आहे. मूतखड्यासाठी केलेला सीटी स्कॅन साधारणतः शिरेतून रंगद्रव्य न देता करतात, आणि गाठीची मूळ घनता मोजण्यासाठी नेमका असाच स्कॅन लागतो. गाठ एकसारखी दिसत असेल आणि तिची घनता १० हाउन्सफील्ड किंवा त्याहून कमी असेल, तर ती चरबीयुक्त साधी गाठ मानली जाते. आपली घनता ६ आहे. ॲड्रिनलचा कॅन्सर मुळातच फार विरळा आहे, आणि तो आढळतो तेव्हा गाठ बहुधा चार सेंटिमीटरपेक्षा मोठी, कडा वेड्यावाकड्या आणि आतला पोत असमान असा असतो. आपली गाठ दीड सेंटिमीटरही नाही. रेडिओलॉजिस्टने गाठ एकसारखी असल्याचे लिहिले आहे का, तेवढे एकदा विचारून घ्यावे. लिहिले असेल तर कॅन्सरच्या भीतीपोटी पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याची गरज नाही. गाठीत सुई घालून तुकडा काढण्याचे कोणी सुचवले, तर ते मात्र ठामपणे नाकारावे. आपल्यासारख्या गाठीत त्यातून काहीही निष्पन्न होत नाही, आणि गाठ जर ॲड्रेनालिन तयार करणारी निघाली, तर सुईच्या टोचण्याने रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

याच कारणासाठी, अल्डोस्टेरॉनकडे वळण्याआधी दोन अन्य शक्यता निकालात काढाव्या लागतात. पहिली शक्यता ॲड्रेनालिन किंवा नॉरॲड्रेनालिन तयार करणाऱ्या गाठीची, जिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. घनता १० पेक्षा कमी असलेली गाठ या प्रकारची असणे जवळजवळ अशक्यच, त्यामुळे अशा गाठींसाठी ही तपासणी वगळता येते असे आताची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही रक्तदाब इतका हट्टी असताना आणि शस्त्रक्रियेची चर्चा सुरू असताना मी स्वतः ती एकदा करून घेते, कारण या गाठीला पूर्वतयारीशिवाय भूल देणे किंवा हात लावणे फार धोक्याचे असते. रक्तातील मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनालिनपासून तयार होणारा पदार्थ, मोजावे, आणि रक्त घेण्याआधी रुग्णाला किमान वीस मिनिटे शांत झोपवून ठेवावे. बसलेल्या माणसाचे रक्त घेतले की आकडा उगाचच वाढलेला येतो आणि मग नसलेल्या आजाराचा घोर लागतो.

दुसरी शक्यता कॉर्टिसॉलची. त्यासाठी रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊ वाजता रक्त द्यायचे. निरोगी ग्रंथी या गोळीने गप्प बसते आणि कॉर्टिसॉल प्रति डेसिलिटर १.८ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून खाली येते. आपण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेत असाल तर तसे आधी सांगावे, कारण त्यांनी हा आकडा फसवा येतो. सांध्यात घेतलेले इंजेक्शन, त्वचेला लावलेले मलम, दम्याचा पंप यांतून स्टेरॉईड पोटात, रक्तात जात असेल तर तेही सांगावे. रुग्ण या गोष्टींना औषध समजत नाहीत आणि म्हणून सांगायच्या राहून जातात. ही तपासणी अल्डोस्टेरॉनच्या रुग्णासाठीही आवश्यक आहे, कारण काही गाठी दोन्ही संप्रेरके तयार करतात आणि त्याचा परिणाम पुढच्या दोन टप्प्यांवर होतो. त्याविषयी त्या-त्या ठिकाणी सांगते.

अल्डोस्टेरॉनसाठीची मूळ तपासणी म्हणजे त्याचे रेनिनशी असलेले गुणोत्तर. एरवी मूत्रपिंडांतून येणारे रेनिन अल्डोस्टेरॉनला हुकूम देते. पण ग्रंथी स्वतःच्या मर्जीने अल्डोस्टेरॉन तयार करू लागली की रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे रेनिन बंद करतात, आणि रक्तात अल्डोस्टेरॉन जास्त पण रेनिन नाममात्र असे चित्र दिसते. ही तपासणी सोपी आहे, पण ती निष्काळजीपणे केली तर साफ चुकते. पोटॅशियम आधी भरून काढावे लागते, कारण कमी पोटॅशियममुळे अल्डोस्टेरॉन खाली दबते आणि आजार लपतो. त्या काळात मीठ मुद्दाम कमी करू नये. सकाळी उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यानंतर आणि मग पाच-दहा मिनिटे बसल्यानंतर रक्त द्यावे. रेनिनचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फात ठेवू नये, कारण थंडीने त्यातील निष्क्रिय रेनिन सक्रिय होते आणि आकडा खोटा वाढतो. काळजीपोटी नमुना बर्फात घालून पाठवणारे संकलक असतात, म्हणून हे आधीच विचारून घेणे बरे.

औषधांचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या रेनिन वाढवतात, त्यामुळे आजार असूनही गुणोत्तर सामान्य दिसू शकते, तर बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी रक्तदाबाची औषधे) रेनिन दाबतात आणि आजार नसतानाही गुणोत्तर वाढवतात. सगळ्यांत जास्त घोटाळा स्पायरोनोलॅक्टोन हे अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारे औषध करते. ते सुरू असेल तर सामान्यतः चार आठवडे थांबावे लागते. परंतु आपला रक्तदाब १६० असताना सर्व औषधे एकदम थांबवणे मला मान्य नाही. पहिली तपासणी चालू औषधांवरच करावी. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी घेत असतानाही रेनिन तळाला गेलेले असेल, तर तो पुरावा अधिकच बळकट ठरतो. निकाल संदिग्ध आला तरच डोक्साझोसिन, व्हेरापामिल अशी रेनिनला फारसा धक्का न लावणारी औषधे तात्पुरती देऊन फेरतपासणी करावी, आणि हा बदल डॉक्टरांनी करावा, आपण स्वतःहून नव्हे. ज्येष्ठमध नियमित घेत असाल तर तेही बंद करावे. त्याने रक्तदाब वाढणे, पोटॅशियम उतरणे असे या आजाराचे हुबेहूब चित्र उभे राहते, मात्र त्यात अल्डोस्टेरॉनही कमीच असते.

गुणोत्तर वाढलेले आले की बहुतेक रुग्णांत आणखी एका चाचणीने ते पक्के करतात. सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे चार तासांत दोन लिटर सलाईन शिरेतून देऊन अल्डोस्टेरॉन खाली येते का हे पाहणे. निरोगी शरीर एवढे मीठ मिळाल्यावर अल्डोस्टेरॉन थांबवते. रक्तदाब फार चढलेला असेल, हृदय कमकुवत असेल किंवा पोटॅशियम उतरलेले असेल, तर ही चाचणी करू नये. अशा वेळी कॅप्टोप्रिलची गोळी देऊन केलेली चाचणी अधिक सुरक्षित असते. पोटॅशियम लघवीच्या गोळीशिवायच उतरलेले, रेनिन मोजता येणार नाही इतके कमी आणि अल्डोस्टेरॉन प्रति डेसिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त, असे तिन्ही एकत्र असेल तर पक्केपणाच्या चाचणीची गरजच उरत नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. रक्ततपासणीने अल्डोस्टेरॉनचा आजार सिद्ध झाला आणि डाव्या ग्रंथीत गाठही आहे, तरी जांघेतून नळी घालण्याची उठाठेव कशाला? एकाच टाकीत दोन नळ पडत असावेत आणि टाकी वाहू लागावी, तशी ही अवस्था आहे. कोणता नळ सुरू राहिला आहे हे टाकीतल्या पाण्याकडे पाहून कळत नाही, प्रत्येक नळापाशी जाऊनच पाहावे लागते. डावीकडची १४ मिलिमीटरची गाठ पूर्णपणे मुकी असेल आणि सगळे अल्डोस्टेरॉन उजव्या ग्रंथीतील, स्कॅनला न दिसणाऱ्या काही मिलिमीटरच्या गाठीतून येत असेल, असे खरोखर घडते. दोन्ही ग्रंथी मिळून जादा अल्डोस्टेरॉन तयार करत असतील, असे तर पुष्कळदा घडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३८ अभ्यासांमधील ९५० रुग्णांचे स्कॅन आणि ग्रंथींच्या शिरांमधील रक्ताचे निकाल पडताळून पाहिले, तेव्हा सुमारे ३८ टक्के रुग्णांत दोन्हींचा मेळ बसला नाही. केवळ स्कॅनवर विसंबून राहिले असते तर यांतील काहींची ग्रंथी विनाकारण काढली गेली असती, काहींना शस्त्रक्रियेचा लाभ नाकारला गेला असता, आणि जवळजवळ चार टक्के रुग्णांची तर चुकीच्या बाजूची ग्रंथी काढली गेली असती.

या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आपल्यापुढे ठेवायला हवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे २०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून, निम्म्यांचे उपचार स्कॅनवरून आणि निम्म्यांचे शिरांमधील रक्तावरून ठरवले गेले. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या रक्तदाबात आणि गोळ्यांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्या सर्जनांच्या मनात कदाचित हीच चाचणी असेल. परंतु तिच्यात फक्त एक वर्षाचा काळ आणि मुख्यतः गोळ्यांची गरज पाहिली गेली, आणि रक्तदाब तर गोळ्यांनी तसाही खाली आणता येतो. अल्डोस्टेरॉन रक्तदाबाच्या पलीकडेही हृदय आणि मूत्रपिंडांना इजा करते, म्हणून त्याचा उगम पुरता थांबला की नाही याला मी जास्त महत्त्व देते. वय ३५ पेक्षा कमी, पोटॅशियम आपोआप उतरलेले, अल्डोस्टेरॉन खूप वाढलेले आणि एकाच बाजूला ठळक गाठ असेल, तर ही तपासणी टाळून थेट शस्त्रक्रिया करता येते. आपले वय ४७ आहे. या वयात मुक्या गाठी इतक्या सर्रास आढळतात की ती सवलत घेणे मला योग्य वाटत नाही.

ही तपासणी कशी होते हे कळले तर तिची धास्ती कमी होईल. आपण जाग्याच असता. जांघेत भुलीचे इंजेक्शन देऊन शिरेतून बारीक नळी आत सरकवतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत वर नेतात. डाव्या ग्रंथीची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला येऊन मिळते, त्यामुळे तिथे पोहोचणे तुलनेने सोपे असते. उजवीकडची शीर मात्र अतिशय आखूड असून थेट पोटातील सर्वांत मोठ्या शिरेत मागच्या अंगाने उघडते, आणि तिचे तोंड सापडणे हे या संपूर्ण तपासणीतील खरे कसब आहे. दोन्हीकडचे रक्त आणि खालच्या मोठ्या शिरेतील रक्त असे नमुने घेऊन प्रत्येकात अल्डोस्टेरॉनबरोबर कॉर्टिसॉलही मोजतात. नळी खरोखर ग्रंथीच्या शिरेत होती का, हे ग्रंथीच्या रक्तातील कॉर्टिसॉल इतर रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त आहे का यावरून ठरते. मग दोन्ही बाजूंचे अल्डोस्टेरॉन त्या-त्या बाजूच्या कॉर्टिसॉलने भागून तुलना करतात, आणि उत्तेजक औषध देऊन केलेल्या तपासणीत एक बाजू दुसऱ्या बाजूच्या चौपट किंवा अधिक निघाली तर आजार एकाच बाजूचा धरतात. कॉर्टिसॉलची तपासणी आधी करा असे मी म्हटले ते याचसाठी. एखादी गाठ कॉर्टिसॉलही जादा तयार करत असेल, तर हे मापच बिघडते आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते. तपासणीत शिरेला इजा होण्याचा धोका असतो, पण अनुभवी हातांत तो थोडा असतो. म्हणून ही तपासणी नियमितपणे करणाऱ्या केंद्रातच करावी, त्यासाठी दूर जावे लागले तरी चालेल. उजवी शीर न सापडल्यामुळे अर्धवट राहिलेल्या तपासणीचे अहवाल मी अनेकदा पाहिले आहेत, आणि त्यांचा रुग्णाला काहीच उपयोग होत नाही.

समजा, आजार डाव्या बाजूचाच निघाला. मग शस्त्रक्रिया करावी, आणि ती गाठीपुरती न करता साधारणतः पूर्ण डावी ग्रंथी काढून करावी, कारण स्कॅनवर दिसणारी गाठ आणि अल्डोस्टेरॉन तयार करणारा भाग दर वेळी एकच असतो असे नाही. दुर्बिणीतून ॲड्रिनल काढण्याची पद्धत १९९२ पासून प्रचारात आली आणि लहान गाठींसाठी आता तीच प्रस्थापित आहे. पोटातून, कुशीवर झोपवून, किंवा पाठीकडून पोटाच्या पोकळीत न शिरता, अशा दोन मार्गांनी ती करतात. यापूर्वी पोटाच्या शस्त्रक्रिया झाल्या असतील तर पाठीकडचा मार्ग सोयीचा पडतो, एरवी सर्जनांचा ज्या मार्गावर हात बसला आहे तो चांगला. डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाचे टोक जवळ असल्याने सावधगिरी लागते. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हे सर्जनांना विचारण्यात संकोच बाळगू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात वर्षाला सहा किंवा अधिक ॲड्रिनल काढणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली होती. शस्त्रक्रियेआधी पोटॅशियम आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात आणावे लागतात, आणि त्यासाठी तपासण्या संपल्यानंतर स्पायरोनोलॅक्टोन सुरू करणे उपयुक्त ठरते. (मेटानेफ्रिन वाढलेले निघाले असते तर तयारी पूर्ण वेगळी झाली असती. एक-दोन आठवडे रक्तवाहिन्या सैल करणारे अल्फा ब्लॉकर, भरपूर पाणी आणि मीठ, आणि बीटा ब्लॉकर लागलाच तर अल्फा ब्लॉकरनंतरच, आधी कधीही नाही. शिवाय अशा सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजाराचे मूळ जनुकात असते, म्हणून जनुकीय तपासणीही करावी लागते.)

एका ग्रंथीवर माणूस पूर्ण आयुष्य निरोगी जगतो. उरलेली ग्रंथी सर्व काम सांभाळते, मात्र सुरुवातीला तिला जाग यायला वेळ लागतो. इतकी वर्षे डावी ग्रंथी मनमानी करत असल्यामुळे उजवीकडचे अल्डोस्टेरॉन झोपलेले असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पोटॅशियमच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन लगेच थांबवतात, पहिले काही आठवडे पोटॅशियम वारंवार तपासतात, कारण आता ते उलट वाढण्याचा धोका असतो, आणि जेवणात मीठ मोकळेपणाने घ्यायला सांगतात. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसले तर घाबरू नये. अल्डोस्टेरॉनच्या जोरावर मूत्रपिंडे जास्त रक्त गाळत होती, तो जोर गेल्यावर त्यांची खरी स्थिती उघड होते. कॉर्टिसॉलची चाचणी बिघडलेली आली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागू शकते आणि ते काही महिने, क्वचित वर्षभर किंवा अधिक काळ चालते. ते मध्येच बंद केल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ताप, उलट्या, अपघात अशा वेळी मात्रा वाढवायची असते. हे घरातील सर्वांना माहीत असावे.

गोळ्या सुटतील का, याचे उत्तर मी आपल्याला आशा दाखवण्यासाठी रंगवून देणार नाही. एका बाजूचा आजार असलेल्या ७०५ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतर ९४ टक्के रुग्णांत अल्डोस्टेरॉन आणि पोटॅशियम पूर्ववत झाले. गोळ्यांशिवाय रक्तदाब सामान्य राहिला तो ३७ टक्क्यांत, आणि आणखी ४७ टक्क्यांत तो सुधारला किंवा गोळ्या कमी झाल्या. स्त्रियांना आणि तरुणांना अधिक लाभ होतो, आणि ज्यांचा आजार जुना व गोळ्या जास्त त्यांना कमी. आपण स्त्री आहात ही जमेची बाजू, पण आठ वर्षे आणि तीन गोळ्या ही उणे बाजू. पेटके, पायांची दुर्बलता आणि रात्रीचे उठणे जाईल अशी मला बरीच खात्री वाटते. गोळ्या तिनावरून एकावर आल्या तरी ते उत्तम यश समजावे. अंतिम निकाल सहा महिने ते वर्षानंतर गुणोत्तर पुन्हा मोजून ठरवतात.

दोन्ही ग्रंथी दोषी निघाल्या तर शस्त्रक्रिया करू नये. दोन्ही काढल्यास हायड्रोकॉर्टिसोन आणि अल्डोस्टेरॉनचे काम करणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन जन्मभर घ्यावे लागेल, आणि ते मूळ आजारापेक्षा जास्त जोखमीचे आहे. तेव्हा स्पायरोनोलॅक्टोन किंवा त्याच प्रकारचे एप्लेरेनोन हाच मुख्य उपचार असतो. त्याची मात्रा केवळ रक्तदाबावर न ठरवता, दबलेले रेनिन वर येते का हे पाहून ठरवावी. स्पायरोनोलॅक्टोनने पाळी अनियमित होऊ शकते, तसे झाल्यास एप्लेरेनोन घेता येते. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी नियमित करावी लागते.

तूर्त सर्वांत निकडीचे काम पोटॅशियमचे आहे. २.९ हा आकडा या आठवड्यातच फिजिशियनांना दाखवून पोटॅशियम सुरू करावे आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजावे. छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणे, चक्कर किंवा पाय उचलता न येणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता इस्पितळात जावे. पुढच्या भेटीला जाताना सीटी स्कॅनचा केवळ अहवाल न नेता सीडीही न्यावी, आणि चालू औषधांची नावे व मात्रा कागदावर लिहून न्यावी. सर्जनांशी संबंध तोडू नका. फिजिशियन, संप्रेरकतज्ज्ञ आणि सर्जन या तिघांनी आपल्या तपासण्यांचे निकाल एकत्र पाहावेत असा आग्रह धरा, आणि डाव्या बाजूचा आजार सिद्ध झाला की तारीख त्याच सर्जनांकडून घ्या.